बाकी

नंदुरबारच्या सिव्हिलमागे, शवागाराकडे वळणाऱ्या रस्त्याला लागून
पत्र्याची एक शेड आहे.
दुपारी बारा ते दोन.
दोन भाकरी, डाळ, एक भाजी. मंगळवारी भात.
पेशंटबरोबर आलेल्यांना, फुकट.

मी दाराशी बसतो कूपनं घेऊन.
शहादा डेपोतून निवृत्त झाल्याला तिसरं वर्ष,
पण कागद सुटा करायला अंगठा अजून जिभेकडे जातो
आणि रांग अडली की तोंडातून निघतंच :
पुढे सरका, पुढे जागा आहे.
लोक हसतात.
जागा खरंच असते, आत, सतरंजीवर.

पहिल्या दिवशी मला डाळ वाढायला उभं केलं होतं.
मी पळी बघून बघून भरायचो.
केसरबाई तव्यापासून ओरडली,
"वाढ ना भो, हात काबर आखडस?
तुन्हा बापनं काय जास?"
तेव्हापासून मी दारावर.

फळ्यावर रोज खडूनं नवं नाव.
आजचं जेवण : कै. सोनजी दगडू यांच्या स्मरणार्थ.
परवा कुणाच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता.
गेलेल्याची आणि वर्षाच्या पोराची, डाळ तीच,
जरा तिखट.
माघात पथारीवरची मिरची वाऱ्यावर चढते,
सगळी रांग खोकते, सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी,
मग कोण कशानं पुसतंय ते बघत बसायचं नाही.

बुधवारी ती आली.
नाव विचारलं. रेलीबाई पावरा.
नवरा खाट नंबर सतरा.
गाव सांगितलं ते मला ठाऊक होतं,
म्हणजे फाटा ठाऊक होता. गाव तिथून चार कोस आत,
गाडी कधी गेली नाही, मीही नाही.
कूपन पुढे केलं. तिनं कमरेची गाठ सोडली
आणि दहाची नोट टेबलावर ठेवली.
बाई, पैसे लागत नाहीत.
नोट तिथंच.
मागून रांग रेटत होती.
"फुकट नाय," ती म्हणाली.
बहुतेक तिला तेवढीच मराठी येत होती.

हातानं जुनंच केलं.
कूपन उलटं केलं, कानावरचं पेन काढलं,
मागे लिहिलं : १० बाकी. खाली तिरकी सही.
हे आत दाखव, देऊ नको.
उतरताना घे.
तेव्हा ती हसली आणि नोट मला घेऊ दिली.

तीस वर्षं मी तिकिटांच्या पाठी लिहीत आलो,
२ बाकी. ५ बाकी.
झोप लागलेले, पोराला कडेवर घेऊन घाईत उतरलेले,
काय लिहिलंय ते न वाचता येणारे
विसरायचे.
मला आठवत असायचं.
रात्री हिशेब भरून वर जे उरायचं
त्याचा चहा, बिडी, पोरीच्या वह्या.
त्याच फाट्यावर एकदा एक म्हातारा
खाली उभा राहून तिकीट उंच धरून हलवत होता.
मी दोरी ओढली.
दोनदा.

तिनं एक भाकरी खाल्ली, एक पदरात बांधली.
"जेवण बाहेर नेऊ नये," ही पाटी माझ्याच अक्षरात आहे.
मी कूपनं मोजत राहिलो.

गुरुवारी आली नाही. शुक्रवारीही नाही.
शनिवारी वॉर्डात गेलो, सतरावर दुसराच कुणी, प्लॅस्टरमधला.
सिस्टर म्हणाली, सुट्टी झाली असेल,
नाहीतर धुळ्याला हलवला असेल,
नाहीतर. रजिस्टर बघावं लागेल.
थांबा म्हणाली. मी थांबलो नाही.

नोट शर्टाच्या खिशात आहे.
देणगीच्या डब्यात टाकता आली असती, पावती फाडून,
फळ्यावर तिचं नावही लिहिलं असतं.
पण देणगी कशी म्हणू.
माझ्या सहीनं लिहून दिलंय.

आज एकशे त्र्याण्णव झाले. भाकरी संपली,
केसरबाईनं शिव्या देत पुन्हा पीठ घेतलं.
मी दाराशी.
आता कुणी समोर आलं की चेहऱ्याआधी
त्याच्या मुठीकडे बघतो,
एखादा चुरगळलेला कागद आहे का,
पाठीवर लिहिलेला.